राम प्रधान : सत्तेच्या सावलीतील साक्षीदार

नाशिक, प्रतिनिधी - नाशिक लोकसभा मतदारसंघाने १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण यांना पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून संसदेत पाठविले. जिल्ह्याच्या राजकीय इतिहासात या घटनेचा आजही अभिमानाने उल्लेख होतो. मात्र संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांबरोबर मुंबईहून दिल्लीला गेलेल्या एका सनदी अधिकाऱ्याचे नाव फारसे घेतले जात नाही. हे अधिकारी म्हणजे चव्हाणांचे खासगी सचिव राम प्रधान. पुढे देशाचे गृहसचिव, पंतप्रधान राजीव गांधी यांचे विश्वासू सहकारी आणि अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल म्हणून त्यांनी काम पाहिले. ३१ जुलै २०२० रोजी मुंबईत वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सह्याद्रीबरोबर दिल्लीत

प्रधान यांचा जन्म २७ जून १९२८ चा. १९५२ च्या तुकडीतून ते भारतीय प्रशासकीय सेवेत आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षापासून प्रधान त्यांचे खासगी सचिव होते. १९६२ च्या चीन युद्धातील पीछेहाटीनंतर व्ही. के. कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि पंडित नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीत बोलावले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी रुळले. चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सैन्याचे मनोधैर्य खचलेले, संसद संतप्त आणि नवा मंत्री दिल्लीला अपरिचित, अशा काळात प्रधान यांनी त्यांची साथ केली.

मंत्र्याच्या खासगी सचिवाचे काम बाहेरून दिसते त्याहून मोठे असते. कोणती फाईल आधी जावी, कोणाला भेट मिळावी, बैठकीत काय ठरले याची नोंद कशी राहावी, संसदेत आणि पत्रकारांसमोर किती बोलावे व कोठे थांबावे, हे सारे या खोलीतून जाते. मंत्र्याचा शब्द बाहेर पडण्यापूर्वी तोलून पाहणारा हा माणूस स्वतः मात्र बातमीत येत नाही.

रोजनिशीचे मोल

१ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले. लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांनी चव्हाणांकडे हवाई दल वापरण्याची परवानगी मागितली आणि चव्हाणांनी ती तत्काळ दिली. त्याच सायंकाळी भारतीय विमाने आघाडीवर झेपावली. त्या युद्धकाळात चव्हाण रोजनिशी लिहीत होते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. ही रोजनिशी प्रधान यांनी २००७ मध्ये '१९६५ वॉर : द इनसाइड स्टोरी' या इंग्रजी पुस्तकातून वाचकांपुढे आणली. त्याआधी चव्हाणांच्या संरक्षण खात्यातील कारकिर्दीवर त्यांनी 'डिबेकल टू रिव्हायव्हल' हा ग्रंथ लिहिला होता. निर्णय घेणाऱ्यांच्या नोंदी आपल्याकडे सहसा कपाटातच राहतात. त्या पार्श्वभूमीवर या दोन पुस्तकांचे महत्त्व मोठे आहे.

तीन करार, अठरा महिने

मधल्या काळात प्रधान यांनी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या क्षेत्रात काम केले आणि पुढे ते महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर पंतप्रधान झालेल्या राजीव गांधींनी १९८५ च्या प्रारंभी त्यांना गृहसचिवपदी नेमले. पंजाब धुमसत होता, आसामातील आंदोलन सहाव्या वर्षात होते आणि मिझोराममधील सशस्त्र बंडाला दोन दशके होत आली होती.

२४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी व संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात पंजाब करार झाला. महिना उलटण्यापूर्वीच, २० ऑगस्टला लोंगोवाल यांची हत्या झाली. त्या दरम्यान १५ ऑगस्टच्या पहाटे आसाम करार झाला. आंदोलकांच्या बाजूने प्रफुल्लकुमार महंत, भृगुकुमार फुकन आणि बिराज शर्मा यांनी, तर केंद्राच्या वतीने प्रधान यांनी स्वाक्षरी केली. ३० जून १९८६ हा प्रधान यांच्या निवृत्तीचा दिवस होता. त्याच दिवशी मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा यांच्याबरोबर मिझो करार झाला आणि त्यावरही केंद्राच्या वतीने प्रधान यांचीच स्वाक्षरी आहे. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम पूर्ण राज्य झाले.

या तीन करारांचे भवितव्य सारखे ठरले नाही. मिझोराममध्ये बंडखोर निवडणुकीच्या मार्गाने सत्तेत आले आणि शांतता टिकली. पंजाबात हिंसाचार पुढे अनेक वर्षे चालला. चंडीगड व पाणीवाटपाचे प्रश्न सुटले नाहीत. आसामात २४ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना परकीय ठरविण्याचे तत्त्व करारात आले, पण त्याची अंमलबजावणी रखडली. २०१९ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. या करारावर आधारित नागरिकत्व कायद्याचे कलम '६ अ' सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरविले. एका पहाटे झालेल्या स्वाक्षऱ्यांचे परिणाम चार दशकांनंतरही सामान्य माणसाच्या दारापर्यंत पोहोचत आहेत.

निवृत्तीनंतर

१९८७ मध्ये प्रधान यांना 'पद्मभूषण' मिळाले. १९८७ ते १९९० या काळात ते अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल होते. पुढे काँग्रेस अध्यक्ष सोनिया गांधी यांच्या कार्यालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. सनदी अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर पक्षीय वर्तुळात जावे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी विचारला जातो. पदाशी निष्ठा आणि व्यक्तीशी निष्ठा यांतील सीमारेषा पुसट होते, असा त्यामागचा आक्षेप असतो. प्रधान यांनी राजीव व सोनिया गांधी यांच्यासमवेतच्या दिवसांबद्दल स्वतःच्या नावाने लिहिले, त्यामुळे वाचकाला त्यांची बाजू थेट वाचता येते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या द्विसदस्य समितीचे ते अध्यक्ष होते. माजी गुप्तचर अधिकारी व्ही. बालचंद्रन हे दुसरे सदस्य. या समितीने २००९ मध्ये दिलेल्या अहवालात गुप्तवार्ता हाताळणीतील आणि पोलिसांच्या प्रतिसादातील उणिवांवर बोट ठेवले होते. त्या वेळी प्रधान यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती.

यशवंतरावांचे नाव नाशिकमधील मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून जपले आहे. त्यांच्या दिल्लीतील पहिल्या खडतर वर्षांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना प्रधान यांच्या लेखनाकडे वळावेच लागेल. नेते निर्णय घेतात, परंतु तो का आणि कसा घेतला गेला, याची नोंद ठेवणारा कोणी तरी लागतो. राम प्रधान यांनी ते काम केले.