धावपट्टी संपते तिथे

७ मे २०१९ ची रात्र. पावणेबाराच्या सुमारास हवाई दलाचं एक एएन-३२ मालवाहू विमान मुंबईहून बंगळुरूच्या येलहंका तळाकडे निघालं होतं. ते उडालंच नाही. मुख्य धावपट्टीच्या, म्हणजे २७ नंबरच्या, टोकाबाहेर जाऊन थांबलं. कुणाला काही झालं नाही. मुख्य धावपट्टी बंद, विमानं छोट्या धावपट्टीवर, प्रवासी वैतागलेले. पुढे दोनच महिन्यांत, १ जुलैला मुसळधार पावसात, जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं विमान उतरताना त्याच धावपट्टीबाहेर गेलं आणि चिखलात रुतून बसलं. ते उपसून काढायला साडेतीन दिवसांहून जास्त लागले. तेव्हाही कुणी गेलं नाही.

मुंबईत धावपट्टी संपली की पुढे निदान जमीन असते. सगळीकडे तसं नसतं.

भोर तालुक्यातलं रायरेश्वर ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं पटकन कळेल. लोखंडी शिडी चढून वर गेलं की डोंगरमाथ्यावर आहोत यावर विश्वासच बसत नाही, इतकं सपाट, शेतंबितं असलेलं लांबलचक पठार. आणि कडेला गेलं की एकदम काहीच नाही, सरळ दरी. टेबलटॉप विमानतळ म्हणजे हेच. फरक इतकाच की तिथे पठार बऱ्याचदा माणसानं टेकड्या कापून आणि मधल्या दऱ्या बुजवून केलेलं असतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात करीपूरला असा विमानतळ आहे. नाव कोझिकोडचं. १९८८ साली सुरू झाला.

७ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी दुबईहून एअर इंडिया एक्सप्रेसचं १३४४ नंबरचं विमान तिथे आलं. बोइंग ७३७-८००. कोविडमुळे आखातात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतली ही फेरी होती. १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी. कॅप्टन होते दीपक साठे. साठे नागपूरच्या घरातले, खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले, हवाई दल अकादमीत सन्मानाची तलवार मिळवलेले, विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिकही होते. पानशेत-वेल्ह्याकडे (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय) ट्रेकला जाताना खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे एनडीएचा परिसर दिसतो ना, तिथून बाहेर पडलेला माणूस.

दुसऱ्याच दिवशी तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज आला असेल. विमानाची चाकं उघडत नव्हती, साठेंनी इंधन संपवायला विमानतळाभोवती तीन घिरट्या घातल्या, इंजिनं बंद करून विमान उतरवलं, म्हणून आग लागली नाही आणि इतके लोक वाचले. वाचून घशात आवंढा आला होता. आपल्या मराठी माणसाबद्दल असं काही वाचलं की शंका घ्यावीशी वाटत नाही, हे तर खरंच.

विमान अपघात तपास विभागाचा (एएआयबी) अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. घिरट्यांची ही गोष्ट त्यात नाही. त्यात जे आहे ते जास्त साधं आहे आणि जास्त त्रासदायक.

पाऊस जोरात होता. साठेंनी आधी २८ नंबरच्या दिशेने उतरायचा प्रयत्न केला. धावपट्टी दिसेना म्हणून नियमाप्रमाणे विमान परत वर घेतलं. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. याच प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूच्या काचेचा वायपर २७ सेकंद चालून बंद पडला होता. दुसरा प्रयत्न उलट्या बाजूने, म्हणजे १० नंबरच्या धावपट्टीवर. वायपर या वेळी चालला, पण हवा त्यापेक्षा हळू. आणि बाजू उलटली की वाराही उलटतो. आता तो पाठीमागून होता, १४ नॉट्सच्या आसपास.

इथे थोडं गणित. (शनिवार आहे, चालेल.) विमानाला उडायला लागतो तो हवेतला वेग, आणि थांबायला महत्त्वाचा असतो तो जमिनीवरचा वेग. हवेतला वेग १५० नॉट्स धरा. समोरून १५ नॉट्सचा वारा असेल तर चाकं टेकताना जमिनीवरचा वेग १३५, पाठीमागून असेल तर १६५. फरक बावीस टक्क्यांचा वाटतो. पण ब्रेकना जिरवायची असते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गावर जाते. म्हणजे जवळपास दीडपट. त्यात रस्ता ओला. मोटरसायकल चालवणाऱ्या कुणालाही हे अंगात माहीत असतं, फक्त आकडे माहीत नसतात.

कोझिकोडची धावपट्टी २,७०० मीटर, म्हणजे ८,८५८ फूट. ७३७ ने पहिल्या ३,००० फुटांच्या आत टेकायचं असतं. हे विमान टेकलं ४,४३८ फुटांवर. अर्धी धावपट्टी हवेतच सरली होती. विमान स्थिर नव्हतं, खाली येण्याचा वेग मध्ये जास्त झाला होता, मग जमिनीजवळ ते तरंगत राहिलं. फर्स्ट ऑफिसर अखिलेश कुमार यांनी ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे परत वर घ्या. घेतलं गेलं नाही. धावपट्टी संपली तेव्हा वेग अजून ८५ नॉट्सच्या आसपास होता. तासाला दीडशे किलोमीटरहून जास्त! पुढची २४० मीटरची सुरक्षा पट्टीही संपली. विमान कुंपण तोडून सुमारे ११० फूट खाली पडलं आणि त्याचे तुकडे झाले. इंधन गळलं, आग लागली नाही. दोन्ही वैमानिक गेले, प्रवाशांपैकी १९ गेले. एकूण २१.

अहवालाने संभाव्य कारण स्पष्ट शब्दांत लिहिलंय: विमान उडवणाऱ्याने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, अस्थिर अवस्थेत उतरणं चालू ठेवलं, सहकाऱ्याने सांगूनही परत वर घेतलं नाही. आणि सहकाऱ्याने स्वतः नियंत्रण हातात घेतलं नाही, हेही.

हे वाचून मेसेज फॉरवर्ड करणारे लोक एकदम दुसऱ्या टोकाला गेले. कालचा हीरो आज गुन्हेगार. मला दोन्ही पटत नाही. त्याच अहवालात खोल गेलं की दिसतं, कोझिकोड तळावर कंपनीकडे कॅप्टनांचा तुटवडा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी साठेंचं नाव लागलेलं होतं. विमान त्या रात्री दुसऱ्या विमानतळावर वळवलं असतं तर सकाळची फेरी अडली असती. कुणी फोन करून ‘उतरवाच’ असं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नसते. ज्यांनी रात्री दोन वाजता रिलीज केलंय, सकाळी क्लायंटचा डेमो आहे आणि रोलबॅकचं बटण समोर आहे, त्यांना कळेल मी काय म्हणतोय. आपण ते बटण किती वेळा दाबतो? आणि आपल्या खाली तर ११० फुटांची दरीही नसते.

बरं, नवख्यांचंच असं होतं असंही नाही. २३ जानेवारी २०१२ ला अफगाणिस्तानात फॉरवर्ड ऑपरेटिंग बेस शँक या तळावर अमेरिकी हवाई दलाचं सी-१७ मालवाहू विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेलं. हे विमान बनवलंच आहे छोट्या, ओबडधोबड धावपट्ट्यांसाठी. दुरुस्तीला ६ कोटी ९४ लाख डॉलर लागले. लष्करी विमानांचं कौतुक आपण करतो ते कुठेही उतरू शकतात म्हणून, आणि ते रास्तच आहे. आपल्या हवाई दलाने २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३०जे दौलत बेग ओल्डीला १६,६१४ फुटांवर उतरवलं तेव्हा मीही खूश झालो होतो. पण ‘कुठेही उतरू शकतो’ हे वाक्य डोक्यात घेऊन २१ व्या शतकातल्या नागरी विमानात बसणं वेगळं. साठेंच्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाही, मला ते कळायचा मार्ग नाही. एनडीएतून आलेला माणूस म्हणजे चुकणारच नाही, हा आपला भाबडेपणा मात्र आहे.

आणि हे सगळं दहा वर्षांपूर्वी घडून गेलेलं होतं! २२ मे २०१०, मंगळुरू. तोच विमान-प्रकार, तीच कंपनी, तेच दुबई, तसाच टेबलटॉप. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फुटांवर टेकलं. तिथेही फर्स्ट ऑफिसरने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं, एकदा नाही, तीनदा. १५८ मेले, ८ वाचले. त्यानंतर २०११ मध्ये कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी लेखी इशारा दिला होता, की ओल्या धावपट्टीवर पाठीमागच्या वाऱ्यात कोझिकोडच्या १० नंबरवर विमानं उतरवू देऊ नका. धावपट्टी नंबर, वारा, पाऊस, तिन्ही जुळलं.

उपाय माहीत नव्हता असंही नाही. धावपट्टीच्या टोकाला चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटची गादी घालतात, चाकं तिच्यात रुततात आणि विमान थांबतं. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९६ मध्ये ती बसवली, आणि मे १९९९ मध्ये धावपट्टीबाहेर आलेलं एक विमान तिने थांबवलं. कोझिकोडला ती नव्हती. तिथे सुरक्षा पट्टी वाढवली होती ती धावपट्टीच कापून: २,८६० मीटरची २,७०० केली. एका खिशातून काढून दुसऱ्यात.

त्या मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेख नव्हता, ती राहून जायला नको. विमान पडलं तेव्हा अंधार, पाऊस, आणि कोविडची ऐन भीती. विमान आखातातून आलेलं. आत कुणाला संसर्ग आहे हे कुणाला माहीत नाही. तरी करीपूर-कोंडोट्टीचे लोक धावले, मिळेल त्या गाडीत जखमींना घालून दवाखान्यात नेलं, रक्त द्यायला रात्री रांगा लावल्या. १९० पैकी १६९ जण जगले. धावून गेलेल्यांपैकी कितीतरी जणांना नंतर क्वारंटाईनमध्ये बसावं लागलं.