युनिक्सचे बिऱ्हाड

परमुलखात बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या सभासदांना निराळे सांगावयास नको. चौसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला दोन खोल्यांच्या जागेत संसार मांडावा लागला, की बरोबर काय न्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे, याचा विचार करता करता आपल्याला खरोखर कशाची गरज आहे हेच त्याला प्रथम उमगते. संगणकाच्या इतिहासात असेच एक बिऱ्हाड मांडले गेले. ‘युनिक्स’ या नावाची, मोठ्या यंत्रांवर नांदणारी प्रणाली टेबलावरच्या लहान संगणकावर उतरली. आज आपल्यापैकी कित्येकांची मुले, सुना, जावई या व्यवसायात आहेत. आणि ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, त्यांच्याही खिशातील मोबाइलमध्ये बहुधा त्याच घराण्याचा वारसदार काम करीत असतो. तेव्हा ही हकीकत या सुवर्णमहोत्सवी अंकात सांगणे अप्रस्तुत होणार नाही, अशी आशा आहे.

एकत्र कुटुंबात चूल एक आणि खाणारी तोंडे अनेक. कोणाचे ताट आधी मांडावयाचे, कोठीची किल्ली कोणाकडे, एकाच्या वस्तूला दुसऱ्याने हात लावावयाचा की नाही, हे सारे पाहणारे एक कर्ते माणूस लागते. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. युनिक्स ही अशी प्रणाली, आणि एकाच वेळी अनेक माणसांची अनेक कामे सांभाळणे हा तिचा स्वभाव.

तिचा जन्म १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत झाला. ‘मल्टिक्स’ नावाच्या एका भव्य प्रकल्पातून संस्थेने त्याच वर्षी अंग काढून घेतले होते. त्यात काम केलेल्या केन टॉम्प्सन यांनी फारशा वापरात नसलेल्या ‘पीडीपी-७’ यंत्रावर एक आटोपशीर प्रणाली रचावयास घेतली. डेनिस रिची त्यांचे प्रमुख सहकारी. पुढे ‘पीडीपी-११’ हे नवे यंत्र मिळाले, त्याची स्मृती अवघी २४ किलोबाइट. त्यांतील १६ प्रणालीसाठी आणि उरलेली ८ माणसांच्या कामासाठी. डिस्क ५१२ किलोबाइटची. एवढ्या जागेत संस्थेच्या पेटंट विभागाचे टंकलेखन चालत असे. त्या यंत्रात एकाच्या कामाला दुसऱ्यापासून अलग ठेवणारी भिंत नव्हती. कोणी नवा, न तपासलेला प्रोग्राम चालविला आणि तो बिघडला, तर साऱ्यांचेच काम कोसळे. म्हणजे मोठ्या वाड्याची म्हणून जिची ख्याती झाली, ती युनिक्स मुळात एका लहानशा खोलीतच जन्मली होती. हे ध्यानी ठेवावे, कारण पुढील कथेचे मर्म त्यात आहे.

१९७३ साली ही प्रणाली ‘सी’ या नव्या भाषेत पुन्हा लिहिली गेली. तोपर्यंत प्रत्येक प्रणाली एकाच जातीच्या यंत्राला जखडलेली असे. आता ती घर बदलू शकणार होती. बेल लॅबोरेटरीजची मालक ए. टी. अँड टी. ही टेलिफोन कंपनी. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिला दूरध्वनीबाहेरच्या धंद्यात उतरण्याची मुभा नव्हती. म्हणून विद्यापीठांना युनिक्स अल्प शुल्कात आणि मुख्य म्हणजे मूळ लिखाणासह मिळत असे. विद्यार्थी ते वाचीत, चुका दुरुस्त करीत आणि दुरुस्त्या एकमेकांस धाडीत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.चा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आला आणि मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला त्याचा ‘एक्सटी’ हा अवतार. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्येच युनिक्सचा परवाना घेऊन ‘झेनिक्स’ या नावाने ती विकावयाचे जाहीर केले होते. सँटा क्रूझ ऑपरेशन या कंपनीने १९८३ मध्ये ती या लहान यंत्रावर उतरविली. जन्मघरापेक्षा ही जागा खरे तर ऐसपैस होती; पण एव्हाना संसारही वाढला होता. शिवाय या यंत्रातील ८०८८ प्रोसेसरमध्येही कामाकामांमधली ती संरक्षक भिंत नव्हती. इतिहास पुन्हा पहिल्या खोलीत येऊन उभा राहिला होता.

हे बिऱ्हाड मांडावयाचे कसे? फ्लॉपींची चवड समोर घेऊन बसावयाचे. पहिल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून हार्ड डिस्कचे भाग पाडावयाचे: एक फायलींचा, एक ‘स्वॅप’चा. स्वॅप म्हणजे माळा. स्मृतीत जागा नसली की तूर्त न लागणारे काम तेथे चढवावयाचे आणि पाळी आली की उतरवावयाचे. डिस्कवरील नादुरुस्त जागा हुडकून त्यांची नोंद करावयाची, म्हणजे तेथे काही ठेवले जाणार नाही. मग एकामागून एक फ्लॉपी घालीत राहावयाचे. मधलीच एखादी वाचता आली नाही, तर सारा खटाटोप वाया.

खरे कौशल्य यानंतरच्या जुळवणीत. डिस्क मंद आणि स्मृती चपळ, म्हणून नुकतेच वाचलेले मजकूर युनिक्स स्मृतीतील ‘बफर’ नावाच्या कप्प्यांत धरून ठेवते. कप्पे वाढविले तर डिस्कच्या खेपा कमी होतात. पण प्रोग्रामना जागा उरत नाही, आणि मग माळ्यावरची चढउतारच इतकी होते की यंत्र घरघरत राहते, काम पुढे सरकत नाही. कप्पे कमी केले, तर दर वेळी डिस्ककडे धाव. हा मध्य पुस्तकात सापडत नसे; कोणत्या कचेरीत किती माणसे, कोणते काम करतात हे पाहून तो साधावा लागे आणि आकडे बदलून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नव्याने जोडावा लागे. दुसरी चिंता विजेची. कप्प्यांतील मजकूर डिस्कवर उतरण्याआधीच वीज गेली, तर हिशेब अर्धवट. म्हणून ठरावीक वेळाने तो उतरवून ठेवण्याची सोय असे. शिवाय यंत्र बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा देण्याचा रिवाज जाणत्यांत रूढ झाला होता. एकदा पुरेसे असताही तीनदा, जणू आचमनच! आपल्याकडे संगणक फार महाग असल्याने एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडण्याची ही रीत त्या दशकात कचेऱ्यांतून आणि बँकांतून रुळली. विजेच्या लपंडावात तिची निगा राखणाऱ्यांना हे सारे धडे लवकरच पाठ झाले.

पण जागेच्या अडचणीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर युनिक्सचे मूळ लिखाण वर्गात शिकविण्यास परवान्याने बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीवर लिहिलेले भाष्य तेव्हा छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले. घर वापरावयास मिळे, पण त्याचा पाया पाहावयाचा नाही, अशी स्थिती आली. नवी पिढी केवळ भाडेकरू होणार, की घर बांधावयास शिकणार, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर ॲमस्टरडॅममधून आले. तेथील फ्राये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबाम यांनी युनिक्सची एकही ओळ न घेता, पण वागणुकीत तिच्यासारखी ‘मिनिक्स’ ही प्रणाली लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. कर्नलच्या सुमारे बारा हजार ओळी, साध्या पी.सी.वर, हार्ड डिस्क नसली तरी फ्लॉपींवर चालणारी. आणि मुख्य म्हणजे वाचावयास खुली.

ते पुस्तक वाचणाऱ्यांत हेलसिंकीचा एक विद्यार्थी होता, लिनस टोरवाल्ड्स. जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ प्रोसेसरचा पी.सी. घेतला. इंटेलच्या १९८५ मधील या प्रोसेसरात ती हरवलेली भिंत अखेर पुरतेपणी उभी राहिली होती. २५ ऑगस्ट १९९१ रोजी, केवळ हौसेखातर एक प्रणाली करीत असल्याचे त्याने जाहीर केले, तीच ‘लिनक्स’. त्याच डिसेंबरात जर्मनीतील एका वापरकर्त्याची तक्रार आली, की आपल्या यंत्राची स्मृती अवघी २ मेगाबाइट, त्यात लिनक्सचा गाभा बांधून काढता येत नाही. टोरवाल्ड्सला स्वतःला गरज नव्हती. तरी त्या एका माणसाच्या अडचणीसाठी त्याने नाताळच्या सुमारास स्मृतीतील पाने डिस्कवर ठेवण्याची सोय लिहून काढली. मोठ्या विक्रेत्यांच्या प्रणालींत असलेली ती सोय नव्या लिनक्सला अशी एका अपरिचिताच्या तुटपुंज्या यंत्रामुळे मिळाली. पुढल्या वर्षी लिनक्स ‘जीएनयू’च्या खुल्या परवान्याखाली आली, म्हणजे ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदल वाटण्याचा हक्क सर्वांना मिळाला, मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तोच हक्क त्यालाही द्यावयाचा. मार्च १९९४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तर जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत दुसरी प्रणालीच उरली नाही. आणि अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही तीच आहे. बिऱ्हाडकरू वाड्यात परतला, तो असा.

हे कशामुळे घडले? यंत्रे स्वस्त झाली हे खरे. पण तेवढेच कारण नव्हे. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतच आज्ञांच्या माहितीबरोबर तिच्यातील दोषांचा एक रकाना असे. आपल्या कामातील उणिवा आपणच छापून पुढच्याच्या हाती देण्याची ही रीत. ज्यांनी ती पाळली, त्यांचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले. ज्यांनी दार बंद केले, त्यांच्या घराला वारस बाहेरून शोधावा लागला.

पन्नास वर्षांपूर्वी या परक्या गावी ज्यांनी मंडळ स्थापन केले, त्यांनाही उसन्या सतरंज्या आणि भाड्याची खोली यांवर सारे मांडावे लागले असेल. गणपतीचे मखर कसे जोडावयाचे, नाटकाचा पडदा कोठे अडतो, गेल्या वर्षी काय चुकले, हे कोणीतरी वहीत लिहून ठेवते आणि नवा कार्यवाह ती वही उघडतो, तेव्हा मंडळ एक वर्ष आणखी जगते. आपल्या वार्षिक अहवालात ‘दोष’ असा एक रकाना यंदापासून घालावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.