तलाकमुक्ती मोर्चाचे कूळ

मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा १९८५ साली नागपूरकडे निघाला, तो कोल्हापुरातून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाक मिळालेल्या शाहबानो या बाईला पोटगी मंजूर केली होती आणि शरियत वाचवण्यासाठी देशभर सभा भरत होत्या. मोर्चाला वाटेत विरोध झाला.

मोर्चाचे मूळपुरुष हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. नवऱ्याने एका दमात तीनदा तलाक म्हटले की बाई नेसत्या लुगड्यानिशी माहेरी. कधी पोस्टकार्डावरच काम भागे. सय्यदभाई या चळवळीत आले ते स्वतःच्या बहिणीला असा तलाक मिळाल्यामुळे. २२ मार्च १९७० ला पुण्यात दलवाईंनी मंडळ स्थापन केले. नाव महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाकडून घेतले. त्याच समाजाला शाहू महाराजांनी कोल्हापुरात बळ दिले होते.

मुस्लिम सुधारणेची कोल्हापुरातली दुसरी धार याहून जुनी. मुस्लिम मुले शिकावीत म्हणून महाराजांनी १९०६ साली शहरातल्या मुस्लिम पुढाऱ्यांना बोलावले, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग याच सोसायटीचे. आजही ईदची नमाज त्याच्या पटांगणावर होते. धर्म सांभाळून शिक्षणाने पुढे जायचे, ही बोर्डिंगची वाट. मला ती मोलाची वाटते. पण तलाक मिळालेल्या बाईला पिढी शिकेपर्यंत थांबा म्हणणे अन्यायाचे होते, आणि दलवाईंची घाई तिथे रास्त होती.

सनातनी बाजूही एकजिनसी नाही. हनफी उलेमा एका बैठकीतला तिहेरी तलाक पाप मानतात, तरी लागू झाला म्हणतात. एरवी अधिक कर्मठ समजले जाणारे अहले हदीस मात्र तो एकच तलाक धरतात, म्हणजे इद्दतीच्या, तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, काळात नवऱ्याला तो मागे घेता येतो. १९७३ साली स्थापन झालेल्या मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रथेत कायद्याचा हात नको ही भूमिका सोडली नाही. अल्पसंख्याकांची ओळख पुसली जाईल ही भीती त्यामागे होती आणि ती खोटी म्हणता येत नाही. तरी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात बोर्डानेच सांगितले, की असा तलाक देणाऱ्यावर समाजाने बहिष्कार घालावा. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती प्रथाच रद्द केली.