मोडी, मोर्तब आणि मोकळी जागा

तुम्ही विनिपेगमध्ये गणेशोत्सवाचं पोस्टर करायला बसलात की काय होतं ते वेगळं सांगायला नको. आरतीची वेळ, जेवणाचा बेत, प्रायोजकांचे लोगो, आणि वर कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, इथे जागा रिकामी आहे, काहीतरी टाक ना!’ मराठी पानाला कोऱ्या जागेचं वावडंच आहे असं वाटावं. पण या वावड्याला इतिहास आहे.

शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचा कारभार मोडीत चालला. लिहिणारा आधी कागदभर आडवी शिरोरेघ ओढायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. म्हणूनच मोडी नुसती वाचत नाहीत, ‘लावतात’. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. आणि मजकुराखाली उरलेला कोरा कागद म्हणजे तर धोकाच. तिथे कुणी ओळ घुसवली तर? म्हणून मजकूर संपला की मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का असतो: इथे हद्द संपली. पण अशाच जुन्या पत्रांच्या माथ्यावर बघा. मधोमध एकटं ‘श्री’, आजूबाजूला सगळं कोरं. मान द्यायचा तर जागा सोडायची, हे त्या कारकुनांना पक्कं ठाऊक होतं.

छपाईनं चित्र बदललं. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली बंगालमधल्या सेरामपूरला छापला गेला, त्यात मोडीचे खिळे वापरले होते. पुढे मात्र पुस्तकांत बाळबोधच टिकली. आणि गंमत म्हणजे खिळ्यांच्या छापखान्यात रिकामी जागासुद्धा धातूची! जुळारी शब्दांमध्ये बुटके कोरे खिळे घालायचा, ओळींमध्ये पट्ट्या. देवनागरीला त्या जरा जास्तच लागतात, कारण वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळी इंग्रजीइतक्या जवळ आणल्यात तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकलाच म्हणून समजा.

तुमच्याकडे वाढलेली बरीच मुलं देवनागरीही अक्षरं लावत लावतच वाचतात. त्यांच्यासाठी फाँट थोडा लहान करावा लागला तर करा, दोन लोगो कमी करा (प्रायोजक रुसतील, रुसू देत), पण ओळींमधली हवा काढू नका.

आणि लिपीचा एक धागा तुमच्याच प्रांतात आहे. विनिपेग सरोवराच्या उत्तरेला नॉर्वे हाउस इथे १८४० मध्ये जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानं क्री भाषेची अक्षरं छापायला घेतली. खिळ्यांसाठी शिसं आणलं चहाच्या खोक्यांच्या अस्तरातून, कागद म्हणून भूर्जाची साल. या लिपीवर देवनागरीची छाया आहे असं काही अभ्यासक मानतात; क्री परंपरा मात्र ती आपल्याच पूर्वजाला मिळाली असं सांगते. तिला शिरोरेघ नाही. एकच आकार चार दिशांना फिरवला की स्वर बदलतो, त्यामुळे प्रत्येक आकाराभोवती मोकळी जागा लागतेच. मॅनिटोबात क्री भाषेतली पाटी दिसली, तर क्षणभर थांबून बघा.