पर्जन्यक्षालन, सेंद्रिय प्रदूषकांचे

हवेतील सेंद्रिय प्रदूषके पावसाबरोबर खाली उतरण्याची क्रिया. ढगात थेंब तयार होताना आणि ढगाखाली तो पडत असताना, अशी दोन्ही वेळा ती घडते. पावसाच्या पाण्यातील संहतीला हवेतील संहतीने भागले की क्षालन-गुणोत्तर मिळते.

द्रव्य हवेत कोणत्या रूपात आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. बेंझो(ए)पायरीन काजळीच्या कणांना चिकटलेले असते आणि त्या कणांबरोबरच धुतले जाते. प्रतिमानांत कणांसाठी हे गुणोत्तर अनेकदा २ लाख धरतात. मात्र ०.१ ते १ मायक्रोमीटर व्यासाचे कण पडत्या थेंबाच्या तावडीतून बरेचसे निसटतात.

वायुरूप द्रव्यांना हेन्रीचा नियम (१८०३) लागू पडतो : ठरावीक तापमानाला द्रव्याच्या पाण्यातील व हवेतील संहतींचे प्रमाण ठरलेले असते. २५° से. तापमानाला बेंझिनचे गुणोत्तर जेमतेम ४ ते ५ भरते, तर पाण्यात सहज विरघळणाऱ्या फिनॉलचे दहा हजारांच्या वर जाते. पावसाळ्यात मुंबईची धुळकट हवा निवळते. त्यावरून वाहनांच्या धुरातले बेंझिनही धुऊन निघाले असे समजणे चूक ठरेल. या विषयातील पायाभूत मोजमाप जेम्स पँको व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे केले. पाऊस आणि हवा यांचे नमुने त्यांनी एकाच वेळी घेतले. वायूंची गुणोत्तरे २५° से.च्या आकड्यांवरून काढलेल्या किमतींपेक्षा साधारण ३ ते ६ पट अधिक आली. याचे कारण पावसाळी हवेच्या गारव्यात होते : तापमान उतरले की वायू पाण्यात अधिक विरघळतात. प्रत्यक्ष तापमान धरून हिशेब केल्यावर मेळ बसला. म्हणूनच तापमान न नोंदवलेल्या क्षालन-गुणोत्तरांवर विसंबू नये.

थेंबाच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या द्रव्याचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. आकारमानाच्या मानाने मोठा पृष्ठभाग असलेल्या धुक्याच्या थेंबांत कीटकनाशके अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

हिम : अनेक द्रव्यांसाठी पावसाहून प्रभावी.

परिणाम : क्षालनाने प्रदूषक नष्ट होत नाही, ते हवेतून पाण्यात व मातीत जाते. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) मोठ्या प्रमाणात हवेतून आले. तेथील निक्षेपणावर अमेरिका व कॅनडा १९९० पासून संयुक्तपणे लक्ष ठेवून आहेत. सरोवरांतले पीसीबी बाष्परूपाने पुन्हा हवेतही जातात. स्टॉकहोम विद्यापीठाच्या इयन कझिन्स व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले, की तिबेटचे पठार आणि अंटार्क्टिका येथील पाऊस-बर्फातही पीएफओए या द्रव्याचे प्रमाण अमेरिकेच्या तेव्हाच्या पेयजलविषयक सल्ला-मर्यादेपेक्षा अधिक होते.