युरी : नाव न दिलेल्या नात्याची कुळकथा

जपानी भाषेत ‘युरी’ म्हणजे लिलीचं फूल. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा वाचणाऱ्यांना या शब्दाचा दुसरा अर्थही ठाऊक असतो : मुलीचं मुलीवरचं प्रेम आणि त्याच्या गोष्टी. यातल्या पुष्कळ गोष्टी शाळेत घडतात आणि एकाच प्रश्नापाशी अडतात. हिला माझ्याबद्दल वाटतं ती मैत्री, की आणखी काही? खंडामागून खंड संपतात, तरी दोघी बोलत नाहीत. काही वाचक वैतागतात, गोष्ट मुद्दाम ताणली आहे म्हणतात. मला तसं वाटत नाही. या अडखळण्याला शंभर वर्षांचं कूळ आहे.

शब्द तसा अलीकडचा. इतो बुंगाकु हे समलिंगी पुरुषांसाठीच्या ‘बाराझोकु’ मासिकाचे संपादक. बाराझोकु म्हणजे गुलाबांची जमात. १९७६ साली त्यांनी स्त्रियांच्या पत्रांसाठी एक सदर सुरू केलं आणि नाव दिलं ‘युरीझोकुची खोली’. पुरुषांचा गुलाब, तर बायकांची लिली.

नातं मात्र त्याहून फार जुनं. १८९९च्या सरकारी हुकमाने जपानच्या प्रत्येक प्रांतात मुलींची निदान एक उच्च शाळा काढणं बंधनकारक झालं. लहानपण संपलेलं, लग्न अजून व्हायचं, अशी काही वर्षं मुलींच्या वाट्याला पहिल्यांदाच आली, आणि तीही फक्त मुलींच्या सहवासात. तिथे वरच्या वर्गातली एक आणि खालच्या वर्गातली एक अशा जोड्या जमू लागल्या. चिठ्ठ्या जायच्या, भेटी दिल्या जायच्या, रुसवेफुगवे व्हायचे. या नात्याला म्हणत ‘एस’. ‘सिस्टर’ या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर, बस. पुरता शब्दही नाही! वडीलधारी मंडळी बहुधा काणाडोळा करत, कारण शाळा संपली की लग्न ठरलेलंच होतं. जे नातं आपोआप संपणार आहे, ते काय आहे हे विचारायची कुणाला गरज पडत नाही.

या मुलींना स्वतःची भाषा दिली योशिया नोबुको यांनी. त्यांच्या ‘हाना मोनोगातारी’ला, म्हणजे फुलांच्या कथांना, १९१६ साली एका किशोरी-मासिकात सुरुवात झाली. उन्हाळ्याच्या तोंडावरची संध्याकाळ, एका घरात जमलेल्या सात मुली, आणि एकेकीने सांगायची गोष्ट. प्रत्येक कथेला फुलाचं नाव. या कथांत ओढ आहे, विरह आहे, डोळ्यांत पाणी आहे. पण हे नेमकं काय, ते कुणी उच्चारत नाही. खुद्द योशियांनी मोन्मा चियो यांच्याबरोबर उभा जन्म काढला. कायद्यात त्या दोघींसाठी नातं नव्हतं, म्हणून १९५७मध्ये त्यांनी चियोंना दत्तक घेतलं. कागदावर आई आणि मुलगी. ‘एस’ची मुकी परंपरा मला या एका कागदात पुरती दिसते.

१९७१ साली यामागिशी र्योको यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ आली. मुलींच्या प्रेमावरची ही आरंभीची मांगा. वसतिगृहाच्या खोलीतल्या दोघी एकमेकींवर प्रेम करतात, आणि अखेरीस एकीचा मृत्यू होतो. पुढे कितीतरी वर्षं अशा कथांचा शेवट ताटातूट किंवा मरण असाच होत राहिला. १९९८पासून आलेल्या कोन्नो ओयुकी यांच्या ‘मारिया-सामा गा मितेरु’ या कादंबऱ्यांनी कॅथलिक शाळेतली मोठी बहीण-धाकटी बहीण ही जोडी पुन्हा लोकप्रिय केली. २००५मध्ये ‘कॉमिक युरी हिमे’ हे खास नियतकालिक निघालं.

आता नाकातानी निओ यांची ‘यागाते किमी नि नारु’ पाहा. इंग्रजीत ती ‘ब्लूम इन्टू यू’ नावाने मिळते. शाळेतून परतताना यू आणि तिच्या वरच्या वर्गातली तोको रेल्वे फाटकापाशी थांबतात. गाडी धडधडत जाते आणि त्या आडोशात तोको यूचं चुंबन घेते. तोकोचं मन भरून आलेलं. यूला मात्र धक्क्यापलीकडे काहीच जाणवत नाही. गाण्यांत आणि चित्रकथांत ज्याचं एवढं कौतुक, ते आपल्या आत का उमटत नाही, हे कोडं तिला पहिल्यापासून छळतं आहे. तोकोची तऱ्हा आणखी वेगळी : तिला प्रेम करायचं आहे, पण उलट कुणी आपल्यावर केलेलं नको आहे.

योशियांच्या मुली गप्प होत्या, कारण शब्द त्यांच्या हाती दिलेलाच नव्हता. यूकडे शब्द आहे. तो आपल्याला लागू पडतो का, हे ती स्वतः तपासते आहे. हा फार मोठा पल्ला आहे. अडखळणं तेच दिसतं, पण जे पूर्वी समाजाने लादलं होतं, ते आता तिचं स्वतःचं आहे, आणि उत्तर द्यायला ती हवा तेवढा वेळ घेऊ शकते.

ही कथा आठ खंडांत पूर्ण झाली आहे. मिळाली तर फाटकाचं ते पान घाईने उलटू नका. गाडी जाऊ द्या आणि यूचा चेहरा पाहा.