सरकलेल्या गादीवरील शस्त्रक्रियेची कुळकथा

कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणारी सायटिकाची कळ जुन्या वैद्यांना चांगली ठाऊक होती. आयुर्वेदात ती गृध्रसी; चरकसंहितेत तिच्यावर बस्ती, शिरावेध आणि अग्निकर्म सांगितले आहे. १७६४ मध्ये नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी ही नसेची व्यथा खुब्याच्या सांधेदुखीपासून वेगळी काढली. पण नस दुखावते कशाने, हे पुढे दीर्घकाळ उलगडले नाही.

उत्तर शल्यविशारदांच्या हाती येऊन निसटत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये ओपेनहाइम यांच्या निदानावरून क्राउझे यांनी एका रुग्णाच्या कमरेतून नस दाबणारा तुकडा काढला आणि रुग्ण बरा झाला. तुकड्याची नोंद मात्र कूर्चेची गाठ अशी झाली. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९२९ मध्ये असे तुकडे मणक्यांमधल्या गादीचे असल्याचे लिहिले, तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

कोडे सुटले ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. १९३२ मध्ये अस्थिशल्यविशारद जोसेफ बार यांच्या एका रुग्णावर मज्जाशल्यविशारद विल्यम मिक्स्टर यांनी गाठ समजूनच शस्त्रक्रिया केली. काढलेला भाग गादीसारखा दिसतो, अशी शंका बार यांना आली. मग दोघांनी रुग्णालयात जपून ठेवलेले ‘गाठीं’चे जुने नमुने पुन्हा तपासले. त्यांतले बरेचसे फाटलेल्या गादीचेच निघाले. गादीची बाहेरची चिवट कडी फाटते, आतला मऊ गर मागे सरकून नसेच्या मुळाला भिडतो, ही उपपत्ती त्यांनी १९३४ मध्ये मांडली. या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम ही फेरतपासणीच म्हणावी लागेल.

त्यानंतर शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली आणि हळूहळू लहान होत गेली. सुरुवातीला मणक्याच्या मागच्या हाडाचा मोठा भाग काढत. मेयो क्लिनिकच्या ग्राफ्टन लव्ह यांनी दोन मणक्यांच्या फटीतून आत जाण्याचा मार्ग रूढ केला. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि छेद काही सेंटिमीटरवर आला. मधल्या काळात लायमन स्मिथ यांनी पपईच्या चिकातले कायमोपपेन गादीत टोचून गर विरघळवण्याचा उपाय आणला होता. तीव्र ॲलर्जी आणि क्वचित मज्जारज्जूला होणारी इजा यांमुळे तो मागे पडला. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाची सुरुवात पॅरिसमध्ये १९०१ मध्ये कोकेनने झाली, १९५० च्या दशकात त्यात स्टेरॉइड आले. नसेभोवतीचा दाह त्याने उतरतो, पण आराम बहुधा थोड्याच काळाचा असतो.

शस्त्रक्रिया कोणावर करायची, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली: पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया सरस, दहा वर्षांनी फरक उरलेला नाही. २००७ मधील नेदरलँड्सच्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. म्हणून पहिले सहा ते बारा आठवडे झेपेल तेवढी हालचाल, वेदनाशामके आणि व्यायाम यांवर भर देतात. सक्तीच्या अंथरुणाचा फायदा दिसलेला नाही. पायातली ताकद कमी होत चालली, तर इतके थांबत नाहीत. लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे किंवा जांघेत बधिरता येणे ही लक्षणे दिसल्यास शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.